विजेच्या खांबावरून कामगार का पडतात?

16 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेलं. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात माड कोसळले, खांब आडवे झाले, गावं अंधारात गेली. वीज परत आली ती महावितरणचे जनमित्र आणि कंत्राटी कामगार खांबांवर चढले म्हणून. या कामात विजेइतकाच धोका उंचीचा असतो.

किती उंची?
गावातला लघुदाब लाइनचा खांब साधारण 8 मीटरचा. त्यातला सुमारे दीड मीटर जमिनीत. 6 मीटरवरून पडलेला माणूस सव्वा सेकंदाच्या आत, ताशी जवळपास 40 किलोमीटर वेगाने जमिनीवर आपटतो. मणका, कंबर, टाच मोडते. डोक्याला मार बसतो.

पडण्याची कारणं कोणती?
पहिलं, शॉक. जीव न घेणारा हलका शॉकही हात सोडायला लावतो. लाइन बंद असली तरी एखाद्या घरातला जनरेटर चुकीचा जोडला असेल, तर वीज उलटी लाइनवर येते. म्हणून परमिट घेऊन लाइन बंद करायची, तपासायची आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचं.

दुसरं, खुद्द खांब. खाऱ्या हवेत लोखंडी खांब बुडाशी गंजतो. सिमेंटच्या खांबाला चीर गेली की आतली तार गंजते. वर तारा सोडल्या की ताण बदलतो आणि खांब कामगारासकट कोसळू शकतो. इथे बेल्ट वाचवत नाही, कारण तो त्याच खांबाला बांधलेला असतो. म्हणून चढण्याआधी बूड तपासणं महत्त्वाचं. शंका असेल तर शिडीची गाडी किंवा क्रेन हवी.

कोणता बेल्ट?
नुसत्या कमरपट्ट्यात पडण्याचा सगळा झटका कमरेवर आणि पोटावर येतो. फुल बॉडी हार्नेसमध्ये तो मांड्या, छाती आणि खांद्यांवर वाटला जातो. मात्र त्यात निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचून शुद्ध हरपू शकते. त्याला काही मिनिटांतच खाली घ्यावं लागतं.

कोणी पडलं तर?
आधी लाइन बंद झाल्याची खात्री करा. 108 ला फोन करा. जखमीला उठवून बसवू नका. मान आणि पाठ हलू देऊ नका. श्वास थांबला असेल तर मात्र लगेच छाती दाबायला सुरुवात करा.

घरी जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. पुढच्या वादळानंतर तुमच्या दारातल्या खांबावरही कोणीतरी चढणारच आहे.