खणाची साक्ष

डोंबिवलीच्या फडके रोडवर पाडव्याची शोभायात्रा निघाली की रस्ता नऊवारी लुगड्यांनी आणि खणाच्या चोळ्यांनी भरून जातो. मग कोणीतरी ठामपणे सांगते, “यात परंपरा कसली? शिवलेली चोळी इंग्रजांनी आणली. त्याआधी आपल्या बायका नुसते लुगडेच गुंडाळत.”

हा पक्ष अगदीच निराधार नाही. ‘ब्लाउज’ हा शब्द इंग्रजी. हुक आणि फुग्याच्या बाह्याही तिकडच्याच. ज्ञानदानंदिनीदेवी टागोरांनी मुंबईतल्या वास्तव्यानंतर बंगालमध्ये ब्लाउजसह साडी रूढ केली. त्रावणकोरात नाडार स्त्रियांना अंग झाकण्याच्या हक्कासाठी १८५९च्या जाहीरनाम्यापर्यंत झगडावे लागले. हे सारे मान्य. पण बंगाल आणि त्रावणकोर म्हणजे महाराष्ट्र नव्हे.

आपल्याकडे काय दिसते? प्राचीन संस्कृत अमरकोशात चोळीसाठी ‘चोल’ आणि ‘कूर्पासक’ हे शब्द आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकातली नर्तकी लांब बाह्यांचे शिवलेले वस्त्र घालून नाचते. तेव्हा इंग्रज कुठे होते?

तरी माझा खरा साक्षीदार खण आहे. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण हातात घ्या. पन्हा लुगड्याहून कितीतरी अरुंद, लांबी एका चोळीपुरती, दोन्ही बाजूंना काठ. हे काठ शिवताना दंडावर येतात. म्हणजे नक्षी कुठे बसणार हे शिंपी नव्हे, विणकर मागावरच ठरवतो. हे कापड ना नेसता येते, ना पांघरता येते. ते कापून शिवण्यासाठीच जन्मते. चोळीच नसती, तर कोणता विणकर असला माग मांडून बसला असता? मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘चोळखण’ हा शब्द आहे. उसन्या वस्त्राला अशी घरची नावे पडत नाहीत.

आता चोळीची शिवण पाहा. छातीला गोलाई देणारे जोडतुकडे, काखेत हात मोकळा हलावा म्हणून घातलेली तुकडी, आणि पुढे पदराखाली मारलेली गाठ. हुक नाही, बटण नाही. इंग्रजांकडून चोळी घेतली आणि त्यांची बटणे तेवढी परत केली, असे मानायचे काय?

ब्लाउज आला, चोळीशेजारी बसला, पुढे शहरात तिची जागाही घेतली. एवढेच इंग्रजांच्या खात्यावर मांडता येते.

येत्या पाडव्याला गुढीचा खण उतरवाल, तेव्हा घडी मोडून त्याचा पन्हा आणि काठ पाहा. मग निकाल तुम्हीच द्या.