ओल्या विटेवरील पावले

इतिहासाभ्यासकाची भिस्त प्रायः शिलालेख, ताम्रपट आणि बखरी यांवर असते. ही साधने कोणीतरी हेतुपुरस्सर मागे ठेवलेली. म्हणूनच ती पारखून घ्यावी लागतात. ओल्या विटेवर अनवधानाने उमटलेल्या खुणेला असा हेतू नसतो.

सिंधमधील चन्हुदडो येथे अर्नेस्ट मॅके यांनी १९३५-३६ साली उत्खनन केले. तेथील एका भाजलेल्या विटेवर मांजराच्या आणि कुत्र्याच्या पंजांचे ठसे आहेत. कुत्र्याचा ठसा मांजराच्या ठशावर किंचित चढलेला. म्हणजे मांजर पुढे, कुत्रा मागे. पंजे खोल रुतलेले व फाकलेले आहेत, यावरून दोघेही वेगाने धावत असावेत, असा मॅके यांचा तर्क. वीट साच्यातून काढून वाळत घातलेली, अजून ओलसर. तेवढ्या अल्प अवधीत हा पाठलाग घडला. वीट थापणाऱ्याने ती मोडून पुन्हा थापली नाही, तशीच भट्टीत लावली. सिंधू लिपीचे सर्वमान्य वाचन अद्याप झालेले नाही. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ही धावपळ मात्र कोणालाही वाचता येते.

काही खुणा डोळ्यांना दिसतही नाहीत. इराकमधील निमरूद येथील अश्शूरनासिरपाल राजाच्या प्रासादाची एक वीट डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ही वीट आपल्या प्रासादाची मालमत्ता असल्याचे राजाने तिच्यावर कोरविले आहे. राजाला सांगायचे होते ते एवढेच. वीट दुभंगल्यावर आतील मातीचे नमुने घेण्यात आले आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्यांत वनस्पतींच्या ३४ गटांचे डीएनए अवशेष आढळले. तैग्रिसच्या काठी चिखल मळताना ही झाडेझुडपे त्यात मिसळली असणार. ही वीट केवळ उन्हात वाळविलेली होती, म्हणून हे अवशेष टिकले. भट्टीच्या आचेत ते उरले नसते. चन्हुदडोचे ठसे आगीने राखले, निमरूदची झाडे आगीच्या अभावाने!

आमच्या पेठेतील एक जुना वाडा मध्यंतरी पाडला गेला. सागवानी खांब आणि कोरीव तुळया यांचा भाव आधीच ठरला होता; विटा मात्र भरावासाठी ट्रॅक्टरमध्ये टाकल्या जात होत्या. मी दहा-बारा उलटून पाहिल्या. एकीच्या कडेवर तीन बोटे उमटली होती, साच्यातून उचलताना रुतलेली. मुकादम म्हणाला, “काका, ही कशाला, चांगली शाबूत वीट न्या की!”