सव्वाशे पायऱ्यांची कसोटी

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही ३९ अंकी संख्या मूळ आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कोणत्याही संख्येने तिला पूर्ण भाग जात नाही, हे एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञांनी १८७६ साली दाखवून दिले. तेव्हा संगणक नव्हते. मग हे त्यांनी कसे साधले?

९७ मूळ आहे का, हे पाहायला आपण तिला २, ३, ५ आणि ७ ने भागून पाहतो. वर्गमूळापलीकडे जावे लागत नाही. पण लुकांच्या संख्येचे वर्गमूळच २० अंकी आहे! तिथपर्यंतच्या प्रत्येक संख्येने सेकंदाला एक भागाकार केला, तर सुमारे ४१ हजार कोटी वर्षे लागतील.

सुटका झाली ती या संख्येच्या घडणीमुळे. २ च्या १२७ व्या घातातून १ वजा केला की ती मिळते. अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. फ्रेंच धर्मगुरू मर्सेन यांनी १६४४ मध्ये, २५७ पर्यंतचे कोणते घातांक घेतले असता अशी संख्या मूळ निघते, याची यादी दिली होती. तिच्यात ३१, ६७, १२७ हे घातांक होते. सिद्धता मात्र नव्हती. ३१ ची सिद्धता ऑयलर यांनी १७७२ मध्ये दिली.

लुकांच्या कसोटीला लेहमर यांनी १९३० मध्ये सुटसुटीत रूप दिले, ते असे. घातांक विषम मूळ संख्या असावा. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागा आणि बाकी तेवढी ठेवा. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे करा. शेवटी ० उरला तर संख्या मूळ, एरवी नाही. ३१ म्हणजे २ चा ५ वा घात वजा १; म्हणून तीन पायऱ्या. ४ वरून १४; १४ वरून १९४, बाकी ८; ८ वरून ६२, बाकी ०. म्हणून ३१ मूळ! १२७ या घातांकासाठी अशा १२५ पायऱ्या लागतात. आकडेमोड किचकट खरी, पण माणसाच्या आवाक्यातली.

६७ या घातांकाची संख्या मात्र मूळ नाही, हेही लुकांनी दाखवले. मर्सेन यांची यादी चुकली होती. पण त्या संख्येचे अवयव कोणते? ते कसोटी सांगत नाही. १९०३ मध्ये अमेरिकेतील कोल यांनी ते शोधले : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. भाग जातो हे ठाऊक, पण कशाने जातो हे नाही, अशी स्थिती २७ वर्षे होती.

लुकांची संख्या १९५१ पर्यंत ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मर्सेन मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. तिच्यावरही याच कसोटीने शिक्कामोर्तब झाले.

वर्गात १२७ (घातांक ७) आणि २०४७ (घातांक ११) या संख्या घेऊन पाहाव्यात. पहिलीत पाच पायऱ्यांनंतर ० येतो, दुसरीत नऊ पायऱ्यांनंतर १७३६ उरतात. २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. पण १७३६ या बाकीकडे पाहून २३ आणि ८९ ओळखता येतात का, हे मुलांना जरूर विचारावे.