गड आणि मावळ

इ. स. २०२५ च्या जुलै महिन्यांत पॅरिस येथें भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या बैठकींत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांपैकीं अकरा किल्ले महाराष्ट्रांत असून बारावा तमिळ देशांतील जिंजी होय. पुणें जिल्ह्याच्या वांट्यास शिवनेरी, लोहगड आणि राजगड असे तीन आले. त्या दिवसांत 'आपल्या देशाची सॉफ्ट पॉवर वाढली' हें वाक्य आम्हीं इतक्यांच्या तोंडून ऐकलें कीं, या शब्दाचा अर्थ आमच्या विद्यार्थ्यांस पुस्तकाबाहेर नेऊन दाखवावा असें मनांत आलें. त्याच महिन्याच्या अखेरीस आम्ही वर्गांतील मुलांसह राजगडीं गेलों. ज्या तालुक्यास पिढ्यान् पिढ्या वेल्हें म्हणत आले व ज्यास आतां राजगड हेंच नांव देण्यांत आलें आहे, त्यांतील गुंजवणें गांवाहून आम्ही गड चढलों. पाऊस उघडला होता. पद्मावती माचीवर बसल्यावर एका विद्यार्थ्यानें समोरच्या बालेकिल्ल्याकडे बोट करून विचारलें, "सर, येथें तर सगळी हार्ड पॉवरच दिसते. दुसरी कोठें आहे?"

प्रश्न मोठा मार्मिक होता, व त्याचें उत्तर त्या वेळीं आम्हांस नीट देतां आलें नाहीं. पुढील विवेचन हें त्या उशिरां सुचलेल्या उत्तराचाच विस्तार आहे.

हे दोन शब्द आज सर्वतोमुखीं आहेत. त्यांतील 'सॉफ्ट पॉवर' हा शब्द अमेरिकन पंडित जोसेफ नाय यांनीं १९९० सालीं रूढ केला. दुसऱ्याकडून आपल्याला हवें तें घडवून आणण्याचे मार्ग तीन : धाक, पैसा आणि ओढ. पहिले दोन मिळून कठोर सत्ता होते व तिसरा मार्ग ती सौम्य सत्ता, अशी त्यांची मांडणी आहे. हे गृहस्थ केवळ पुस्तकी नव्हते, हेंहि सांगितलें पाहिजे. त्यांनीं आपल्या देशाच्या संरक्षणखात्यांत उच्च अधिकाराचें पद भूषविलें होतें; तेव्हां फौजफाटा म्हणजे काय हें त्यांस आमच्यापेक्षां निश्चितच अधिक ठाऊक होतें. २००३ सालीं अमेरिकेनें इराकची राजधानी कांहीं आठवड्यांत जिंकली, आणि त्याच काळांत जगांतील कोट्यवधि लोकांच्या मनांतून ती उतरली. हें पाहिल्यावर त्यांच्या सिद्धान्तास निराळा दाखला नको.

आमच्याकडील कित्येक विद्वान् हें ऐकतांच म्हणतात कीं, यांत नवें तें काय? साम, दान, दंड, भेद हे उपाय कौटिल्यानें सांगितलेलेच आहेत, व सौम्य सत्ता म्हणजे त्यांतील सामच होय. आम्हांस हें पटत नाहीं. साम हा झाला तरी उपाय आहे. तो कोणी तरी कोणावर तरी योजावा लागतो. ओढ ही योजतां येत नाहीं. तिचें ठाणें ज्यास ओढ वाटते त्याच्या मनांत असतें, राजाच्या दफ्तरांत नसतें. हा भेद सूक्ष्म वाटेल, परंतु मावळचा इतिहास पाहतां तोच महत्त्वाचा ठरतो.

प्रथम कठोर सत्तेचा हिशेब पाहूं. वेल्ह्याच्या डोक्यावर उभा असलेला तोरणा हा स्वराज्याच्या अगदीं आरंभींच्या किल्ल्यांपैकीं एक, व राजगड ही रायगडापूर्वींची राजधानी. हे दोन्ही दुर्ग म्हणजे दगडांत घडविलेला धाकच. परंतु दगडाचा एक मोठा दोष असा कीं, जो त्यावर चढेल त्याचा तो होतो. १६६५ सालीं पुरंदरच्या तहांत तेवीस किल्ले एका सहीसरशीं मोगलांकडे गेले. राजगड व तोरणा हे राहिलेल्या बारांपैकीं होते, पण तेहि अखेर सुटले नाहींत. औरंगजेब बादशहा म्हातारपणीं जातीनें सह्याद्रींत उतरला, व १७०४ सालीं त्यानें वेढा घालून राजगड घेतला आणि लागलीच तोरण्यावर चाल केली. विशाळगड, सिंहगड अशा किल्ल्यांसाठीं त्याला किल्लेदारांस रकमा मोजाव्या लागल्या होत्या. तोरणा मात्र त्याच्या माणसांनीं रात्रीं दोर लावून, चढून, तरवारीच्या बळावर घेतला. म्हणजे नाय यांच्या मार्गांपैकीं धाक आणि पैसा हे दोन्ही बादशहानें याच डोंगरांत वापरून पाहिले, आणि दोन्ही यशस्वी झाले! राजगडास त्यानें नवें नांव दिलें, तोरण्यासहि दिलें. कांहीं थोड्या वर्षांत दोन्ही किल्ले मराठ्यांनीं परत घेतले, व तीं नवीं नांवें आज इतिहासाच्या पुस्तकांबाहेर कोणास ठाऊक नाहींत. किल्ला मिळाला, पण त्याभोंवतालचें मावळ त्याला कधींच मिळालें नाहीं.

तें मावळ महाराजांना तरी कसें मिळालें, हा खरा प्रश्न आहे. येथें आपल्याला गडावरून खालीं उतरून भोराकडे, रोहिडखोऱ्यांतील कारी गांवीं जावें लागतें. कारीचे देशमुख कान्होजी जेधे हे शहाजीराजांचे जुने माणूस. १६४८ सालीं राजांस कैद झाली तेव्हां तेहि त्यांच्याबरोबर कैदेंत पडले होते. १६५९ सालीं अफझलखान मोठें सैन्य घेऊन निघाला, त्याच सुमारास, जून महिन्यांत, विजापुरचें फर्मान मावळच्या देशमुखांस आलें. खानाच्या सेवेस हजर व्हावें. न होईल त्याची गय होणार नाहीं, असा त्याचा मथितार्थ. ज्यांस हें फर्मान आलें त्यांच्या दृष्टीनें पाहिलें पाहिजे. वतन पिढीजाद, तें देणारी आदिलशाही, आणि समोर तिशीच्या आंतबाहेरचा एक जहागीरदाराचा मुलगा. शहाणपण कोणत्या बाजूस होतें हें सांगावयास नको. उत्रोळीचा खंडोजी खोपडे खानाकडे निघून गेला. त्याला केवळ फितूर म्हणून सोडून देणें आम्हांस कठिण वाटतें. त्यानें त्या काळच्या व्यवहाराप्रमाणें सरळ हिशेब केला, एवढेंच.

कान्होजी आपले पांच मुलगे बरोबर घेऊन महाराजांकडे आले. जेध्यांच्या करीन्यांत ही भेट वर्णिली आहे. महाराजांनीं त्यांस सांगितलें कीं, खोपडे गेले, आणखीहि जातील; तुम्हीं न जाल तर वतनास धोका आहे, करितां तुम्हींहि जावें. कान्होजींनीं शहाजीराजांपाशीं दिलेल्या वचनाचें स्मरण दिलें, आणि वतनावर पाणी सोडलें. मग इतर देशमुखांस गोळा करण्याचें काम त्यांच्याकडेच आलें व त्यांनीं तें तडीस नेलें.

करीना हा घराण्याचा कागद आहे, त्यांत घराण्याचा बडेजाव थोडाबहुत असावयाचाच. पण त्यांतील एक गोष्ट आम्हांस कोणत्याहि बडेजावापेक्षां मोलाची वाटते : महाराजांनीं येथें सामहि योजिला नाहीं. उलट, जाण्याचा दरवाजा त्यांनीं स्वतः उघडून दिला. ज्या सत्तेच्या उघड्या दारांतून माणूस बाहेर पडत नाहीं, तिलाच सौम्य सत्ता म्हणावें. बाकी सर्व जाहिरात.

तथापि ही सत्ता निव्वळ गोडीगुलाबीची होती असें मात्र कोणी समजूं नये. हिरडस मावळांतील बांदलांशीं महाराजांस प्रथम हत्यारानेंच बोलावें लागलें. आणि त्याच बांदलांचे लोक, त्यांच्याकडील बाजी प्रभूंसह, १६६० सालीं घोडखिंडींत पडले. त्यानंतर दरबारांतील मानाचें पहिलें पान जेध्यांनीं बांदलांस दिलें, असें सांगतात. खोपड्याचीहि गोष्ट अशीच दुधारी आहे. प्रतापगडानंतर तो हातीं लागला. कान्होजींनीं रदबदली केली म्हणून जीव वांचला, पण एक हात व एक पाय गेला. रांझें येथील पाटलानें बदअंमल केला म्हणून त्याचेहि हातपाय तोडले गेले, तें गांवहि याच टापूंतलें. आजच्या वाचकास या शिक्षा क्रूर वाटतील, आणि त्या क्रूर होत्याच. परंतु ज्या रयतेनें पाटलाला शिक्षा होतांना प्रथमच पाहिलें, तिच्या मनावर त्याचा काय परिणाम झाला असेल याची कल्पना आजच्या मोजमापानें येणार नाहीं. कठोर सत्तेचा रोख दुबळ्यावरून उचलून आपल्याच अधिकाऱ्याकडे वळविला, आणि तीच सौम्य सत्तेचें बीज झाली.

आपल्याच माणसांस आवरणें हें यांतलें सर्वांत अवघड काम. चिपळुणाजवळ तळ देऊन राहिलेल्या आपल्या लष्करास राज्याभिषेकाच्या सुमारास धाडलेलें महाराजांचें पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणागोटा अंदाजानें खर्च करा, तो संपला म्हणून कुणब्यांच्या घरीं दाणे, गवत, भाजी मागूं नका. नाहींतर मोगलांपेक्षां तुम्हींच अधिक असें त्यांस वाटेल, असें त्यांत बजाविलें आहे. त्या पत्रांत संस्कृतीचा, गौरवाचा, वारशाचा एक शब्द नाहीं. आहे ती फक्त गवताची आणि भाजीची गोष्ट.

या विद्येंत इंग्रजहि कच्चे नव्हते. १८१८ च्या फेब्रुवारींत सातारा हातीं येतांच एल्फिन्स्टनसाहेबानें जाहीरनामा काढला, व वतनें, इनामें, धर्मकृत्यें यांस धक्का लागणार नाहीं अशी हमी दिली. सिंहगड त्यानंतर पडला. पुढें पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशांतूनच १८२१ सालीं पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली, आणि कालांतरानें त्याच रोपट्यास इंग्रजी कॉलेजाचीं फळें लागलीं. त्या फळांवर आमच्या चार पिढ्या पोसल्या. शिवरायांच्या मावळाचा अर्थ लावावयासहि आम्हांस हार्वर्डच्या पंडिताचा शब्द आठवतो! एल्फिन्स्टनची सत्ता कोठवर पोहोंचली याचा दाखला वाचकांस आणखी हवा असल्यास तो प्रस्तुत लेखकच आहे.

असो. त्या दिवशीं गड उतरून आम्ही गुंजवण्याजवळ आलों तेव्हां पायवाटेस लागून एक बाई खाचराच्या बांधावर उभी होती. लावणी नुकतीच आटोपली होती. आमच्यापैकीं पुढें आलेल्या दहाबारा मुलांनीं चिखलाची वाट चुकवावी म्हणून सरळ तिच्या खाचरांतून आडवाट काढली होती, व भाताच्या दोन ओळी चिखलांत आडव्या झाल्या होत्या. ती ओरडली नाहीं. आमच्याकडे पाहून एवढेंच म्हणाली, "गुरुजी, गड बघा की, कोण नको म्हणतंय. पर ही वाट न्हाई, आमचं पोट हाय."

आम्हीं क्षमा मागितली. नुकसानीचे पैसे देऊं केले तर ते तिनें घेतले नाहींत. मग ज्यानें माचीवर प्रश्न विचारला होता तोच मुलगा बूट काढून खाचरांत उतरला, त्याच्यामागून इतर उतरले, आणि ती बांधावरून सांगेल तसें एकेक रोप पुन्हां उभें करूं लागले. बहुतेकांस रोप किती खोल रोवावें हेंहि ठाऊक नव्हतें. ती हंसत होती व दोनदां स्वतः उतरून दाखवीत होती. गाडीवाला घाई करीत राहिला. पुण्यास पोहोंचावयास रात्रीचे दहा वाजले.