हाली रुपया आणि त्याची न छापलेली मुदत

गिफ्ट कार्डाचं एक बरं असतं. ते कुठल्या दुकानात चालेल आणि कधीपर्यंत चालेल, हे त्यावर लिहिलेलं असतं. तरीही दिवाळीत मिळालेली कार्डं ड्रॉवरमध्ये पडून राहतात, तारीख उलटून जाते आणि हातात नुसतं प्लॅस्टिक उरतं. आपल्या हैदराबाद संस्थानात, अर्थात मराठवाडाही त्यात आलाच, एका अख्ख्या चलनावर अशी वेळ आली होती. त्या नाण्यावर मुदत मात्र छापलेली नव्हती. उलट त्याचं नावच होतं ‘हाली’, म्हणजे सध्याचं, चालू!

जुन्या पिढीच्या बोलण्यात दोन रुपये असायचे, हाली आणि कलदार. कलदार म्हणजे ब्रिटिशांचा, यंत्रावर पाडलेला रुपया. पुढे हालीही यंत्रावरच निघू लागला, त्यावर चारमिनार आला, आणि मीर उस्मान अली खान यांच्या काळात चारमिनारच्या कमानीत त्यांच्या नावाचं ‘ऐन’ हे अक्षर आलं. पण कलदार हे नाव पलीकडच्या रुपयालाच चिकटून राहिलं.

या दोघांचा ठरलेला भाव होता ७ हाली = ६ कलदार. सरकारी कागदांत हाच दर १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा दिसतो. हा आकडा आला कुठून? ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात बाराला अकरा भाग चांदी. हाली सुमारे ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी शेकडा ८१.८. म्हणजे एकात शुद्ध चांदी साधारण १०.६९ ग्रॅम आणि दुसऱ्यात ९.१४. भागाकार करून पाहा, जवळपास सहा सप्तमांशच येतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, ब्रिटिश रुपयातली चांदी निम्म्यावर आली. या दराचं मूळ कारण तिथेच संपलं, दर मात्र तसाच राहिला.

हिशेब एका बाजूने सरळ होता. एक कलदार म्हणजे १ रुपया २ आणे ८ पै हाली. उलटं करायला गेलं की अडायचं. एक हाली म्हणजे १३ आणे ८ पै आणि वर पैचे चार सप्तमांश! हे चार सप्तमांश कुणाच्या खिशात जात असतील, ते सांगायला नको. त्याशिवाय सराफाचा वटाव वेगळा.

हालीचं दुकान म्हणजे संस्थानाची हद्द. सिकंदराबादच्या छावणीत कलदार, आणि इकडे शहरात हाली. वारीला निघालेल्या परभणी-नांदेडच्या माणसालाही कलदारच लागणार, कारण पंढरपूर सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिश मुलखात. हद्द ओलांडण्याआधी पैसे वटवणं हा प्रवासाच्या तयारीचाच भाग होता.

चांदीच्या नाण्याला निदान अंगचं मोल होतं. कागदाची गोष्ट वेगळी. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९१८ च्या चलन कायद्याने हैदराबादने स्वतःच्या नोटा काढल्या. रीतसर नोटा चालवणारं असं संस्थान जवळजवळ हे एकच. त्या नोटांवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर तेलुगू, कन्नड आणि मराठीतही रक्कम असायची. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्या राज्यात मराठी मुलाला सरकारी शाळेत उर्दूतून पुढे शिकावं लागे, त्या राज्याला पैसे चालवायचे म्हटल्यावर मराठी आठवली!

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं. १९५० पासून भारतीय रुपया हालीच्या बरोबरीने, त्याच ७ ला ६ या दराने चालू लागला. १९५१ मध्ये नवा हाली काढणं थांबलं. जुना चलनात होताच. १ नोव्हेंबर १९५६ ला तर हैदराबाद राज्याचेच तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूरला आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. म्हणजे ज्या राज्याने नोटेवर वचन दिलं ते राज्य नकाशावर उरलं नाही, आणि नोट मात्र कायद्याने चालू! त्यातच १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. आणे-पैचा हाली, आणे-पैचा भारतीय रुपया आणि आता शंभर नव्या पैशांचा रुपया असे तीन हिशेब दुकानदाराच्या डोक्यात एकाच वेळी. अखेर १९५९ साली हाली रद्द झाला.

हे एका रात्रीत झालं नाही, म्हणून त्याचा गाजावाजाही झाला नाही. आठ-नऊ वर्षांची मुदत म्हणजे पुष्कळच. ज्याचं बँकेत खातं होतं, बाजारात रोजचं येणं-जाणं होतं, त्याने कधीच वटवून घेतलं असेल. अडचण असणार ती पैसा हलवायचा नसतो म्हणूनच ठेवणाऱ्याची, म्हणजे डब्यात, उतरंडीत जपणाऱ्याची. त्याच्याकडे चांदी असेल तर सोनार होताच. नोटा आणि दोन पैची खुर्दा नाणी असतील तर मात्र १९५९ नंतर ती संग्राहक भेटेपर्यंत बिनकामाचीच.

घरात जुन्या वह्या, लग्नाच्या याद्या, गहाणखतं असतील तर रकमेपुढचा शब्द आधी वाचा. ‘हाली’ असेल तर सहाने गुणून सातने भागा. लग्नात दिलेले ७०० हाली म्हणजे ६०० कलदार. इंग्रजी कागदांत ‘ओ. एस.’ म्हणजे उस्मानिया सिक्का, ‘बी. जी.’ म्हणजे ब्रिटिश सरकारचा रुपया, आणि १९४७ नंतरच्या कागदांत ‘आय. जी.’ म्हणजे भारत सरकारचा. एकाच वहीत हे बदलत जातात, आणि कुठल्या पानावर हाली लिहिणं बंद झालं हे पाहिलं की त्या घराने जुना पैसा कधी सोडला त्याचा अंदाज येतो. काही वह्यांत ते पान १९५९ च्या बरंच अलीकडचं, म्हणजे १९५१-५२ चंही निघू शकेल. कायद्याची तारीख तिथे शोधू नका. आणि नोट सापडलीच तर कृपा करून लॅमिनेट करू नका.