‘लांडा’ कुत्रा : एका प्रथेची कारणपरंपरा

शेपूट तुटलेल्या प्राण्यास मराठीत ‘लांडा’ म्हणतात. हे विशेषण उणीव दर्शविते. डॉबरमॅन, बॉक्सर, रॉटवायलर इत्यादी विदेशी जातींच्या संदर्भात मात्र हीच उणीव दीर्घकाळ जातिलक्षण मानली गेली. हा विरोध कसा उत्पन्न झाला, हे कळण्यासाठी प्रथेच्या समर्थनार्थ पुढे आलेली कारणे क्रमाने तपासणे इष्ट होय.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कोलुमेल्ला याने पिल्लाचे शेपूट चाळिसाव्या दिवशी तोडावे, असे सांगितले आहे. त्यायोगे शेपूट बेढब वाढत नाही व कुत्रे पिसाळत नाही, अशी मेंढपाळांची समजूत त्याने नोंदविली. हा रोग लाळेतून पसरणाऱ्या विषाणूमुळे होतो, हे सिद्ध झाल्यावर ते कारण गळून पडले. प्रथा मात्र टिकली. शिकारी कुत्र्याचे शेपूट काटेरी झुडपांत जखमी होते, हे दुसरे कारण तिच्या साहाय्यास आले. १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये केनेल क्लब स्थापन झाला, आणि प्रदर्शनांच्या युगात रूप हेच प्रमुख कारण ठरले.

यांपैकी जखमेच्या कारणाची परीक्षा झाली आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश पाहणीनुसार एक जखम टाळण्यासाठी सुमारे ५०० कुत्र्यांची शेपटे तोडावी लागतील. दख्खनच्या माळरानावर सशामागे धावणाऱ्या कारवानी कुत्र्याचे शेपूट लांबच राखले जाते, हेही येथे ध्यानात घ्यावे. शिवाय शेपूट हे श्वानांचे संकेतसाधन आहे. कॅनडातील २००८ च्या एका प्रयोगात यांत्रिक कुत्र्याचे लांब शेपूट हलते की स्थिर आहे, यावरून इतर कुत्र्यांचे वर्तन बदलले. आखूड शेपटाबाबत हा भेद दिसला नाही.

भारतात १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने अंगच्छेद हा अपराध ठरविला. गुरांची शिंगे काढणे, खच्चीकरण, डाग देणे व वेसण घालणे यांना विहित रीतीने सूट दिली. कुत्र्याचे शेपूट त्या यादीत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषदेने २०११ मध्ये या शस्त्रक्रियेविरुद्ध काढलेले परिपत्रक मद्रास उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केले. पुढे २०१७ च्या श्वानप्रजननविषयक नियमांनी प्रजनकांना शेपूट तोडण्यास, तसेच आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू विकण्यास मनाई केली.

यातून एक व्यावहारिक अडचण स्पष्ट होते. शेपूट बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातच तोडतात. म्हणजे छत्रपती संभाजीनगरातील एखादे कुटुंब पिल्लू पाहावयास जाते, तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो. त्या कुटुंबाच्या हाती एवढेच उरते की, पिल्ले जन्मण्यापूर्वीच पाळणाऱ्यास गाठून अखंड शेपटाचे पिल्लू हवे, असे सांगावे. मागणीने टिकविलेली प्रथा मागणी बदलल्यावाचून मोडणे कठीण आहे.