गडाचा केर, घाटाची चौकी

रायगडाच्या पायथ्याशी असलेले पाचाड हे गाव प्रामुख्याने राजमाता जिजाबाईंच्या वाड्यामुळे आणि समाधीमुळे ओळखले जाते. गडावरचा बोचरा वारा आणि पावसाळ्यातली दमट हवा उतारवयात त्यांच्या प्रकृतीला मानवेना, म्हणून शिवाजी महाराजांनी हा वाडा गडाखाली बांधून दिला, असे परंपरा सांगते. राज्याभिषेकानंतर अवघ्या ११ दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, त्यांचे निधन याच गावी झाले. गडावरची वस्ती मात्र तळी आणि खडकात खोदलेली टाकी यांत साठणाऱ्या पावसाच्या पाण्यावर वर्षभर जगत असे, आणि गंगासागरासारख्या तलावात घाण उतरली तर तिचा उपद्रव पहारेकऱ्याला आणि अधिकाऱ्याला सारखाच होणार, हे उघड होते. डोंगरी किल्ल्यावरचे आरोग्य हा त्यामुळे ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न उरत नव्हता. तो किल्ला टिकण्याचा प्रश्न होता.

या व्यवहाराचे तपशीलवार नियम रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त सापडतात. शिवकालीन राज्यपद्धतीचा अनुभव गाठीशी असलेल्या या मुत्सद्द्याने १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या गादीसाठी सिद्ध केलेला राजनीतीवरचा हा ग्रंथ दुर्गांविषयी विस्ताराने बोलतो. गडावरच्या वाटा, बाजार आणि तटाच्या कडा यांवर केर साचू देऊ नये, तो कड्यावरून खाली लोटून मोकळे होऊ नये, जागच्या जागी जाळून त्याची राख परसात घालावी आणि तिच्यावर भाजीपाला करावा, असा त्याचा दंडक आहे. या नियमाचा रोख कोणाकडे आहे, हे विशेष महत्त्वाचे. गडाचा मुख्य अधिकारी तो हवालदार, शिबंदीचा म्हणजे गडावरच्या फौजेचा प्रमुख तो सरनोबत, हजेरी व हिशेब पाहणारा सबनीस आणि धान्य-दारूगोळ्याची कोठारे सांभाळणारा कारखानीस, अशा अधिकाऱ्यांच्या जबाबदाऱ्यांच्या ओघात ही कलमे येतात, आणि या अधिकाऱ्यांना एकाच जागी मुरू न देता ठरावीक काळाने बदलत राहावे, अशी तजवीजही तेथेच आहे. गडावर केर दिसला तर तो टाकणारा शिपाई दोषी ठरेलच, परंतु त्याआधी जाब हवालदाराला द्यावा लागेल, अशी ही रचना आहे. प्रत्यक्षात प्रत्येक गडावर हे पाळले गेले, असा दावा कोणी करू नये. नियम इतक्या बारकाईने लिहावा लागला, यावरून तो मोडला जात असणार, असेच अनुमान निघते. तरीही नियम घालणाऱ्याला नियमाच्या कक्षेत आधी उभे करणारी ही दृष्टी जपण्याजोगी होती, आणि पुढच्या काळात तीच नाहीशी झाली, हे खेदाने नोंदवावे लागते.

हा बदल कायद्याच्या रूपाने १८९७ मध्ये झाला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिज्वराचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले आणि पुढच्या काही महिन्यांत साथ मुंबई इलाख्यात पसरली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम अमलात आला. अवघ्या चार कलमांच्या या मूळ कायद्याची घडण लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. पहिले कलम नाव आणि व्याप्ती सांगते. दुसरे कलम साथ आवरण्यासाठी वाटतील ते तात्पुरते नियम करण्याची मुभा सरकारला देते. तिसरे कलम ते नियम मोडणाऱ्यास भारतीय दंडसंहितेच्या कलम १८८ खाली, म्हणजे लोकसेवकाच्या आदेशाची अवज्ञा केल्याबद्दल, शिक्षापात्र ठरवते. आणि चौथे कलम या कायद्याखाली सद्भावनेने कृती करणाऱ्याला दावे व खटले यांपासून संरक्षण देते. आज्ञापत्राने ज्याला आधी जबाबदार धरले होते, त्याला या कायद्याने आधी सुरक्षित केले. पुढील सव्वाशे वर्षांतले नियमभंग समजून घेण्यासाठी या दोन रचनांमधले अंतर मनात ठेवणे आवश्यक आहे, कारण अधिकाऱ्यांची वर्तणूक केवळ त्यांच्या स्वभावाने घडत नाही. कायद्याने त्यांच्यासाठी कोणते दार उघडे ठेवले आहे, यावरही ती ठरते.

पुण्यात या कायद्याचे परिणाम लगेच दिसले. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालच्या प्लेग समितीने मार्च १८९७ पासून गोऱ्या सैनिकांकरवी घरांची झडती सुरू केली. रुग्णांना इस्पितळात आणि त्यांच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत हलवले जाऊ लागले. लोकांच्या धर्मभावना व स्त्रियांची मर्यादा सांभाळण्याच्या सूचना समितीने सैनिकांना दिल्या होत्या, पण त्या पाळल्या जात नाहीत, अशा तक्रारींचा वर्तमानपत्रांतून पाऊस पडला. याच वर्षी साथीच्या कारणाने हजयात्रेला मनाई झाली, आणि याच वर्षी २२ जूनला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ गणेशखिंडीतल्या गव्हर्नरांच्या बंगल्यावर थाटात पार पडला. तेथून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. मे अखेर पुण्यातली साथ ओसरली होती, त्यामुळे त्या मेजवानीला सरळसरळ नियमभंग म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु ज्यांच्या घरातले सामान तीन महिन्यांपूर्वी रस्त्यावर आले होते, त्यांना ती रोषणाई कशी दिसली असेल, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. त्याच वर्षी याच्या उलट वागणूकही दिसली होती. प्लेगची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि मगच इतरांना दिली.

सार्वजनिक आरोग्याचा अधिकार पुढे स्थानिक संस्थांकडे आला, तेव्हा पाचाडहून खाली उतरल्यावर लागणाऱ्या महाडला त्याची कसोटी लागली. चवदार तळे हे तेथील नगरपालिकेच्या ताब्यातले सार्वजनिक तळे. सीताराम केशव बोले यांच्या १९२३ च्या विधिमंडळातील ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये हे तळे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले केले, पण तीन वर्षे तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या परिषदेला जमलेले लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परिषदेहून परतणाऱ्यांवर हल्ले झाले. तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी १०८ घागरी पाणी उपसून शेण, गोमूत्र, दूध आणि दही त्यात ओतले गेले. माणसाच्या ओंजळीने पाणी विटाळते, असे मानणाऱ्यांनी पिण्याच्या पाण्यात स्वतःच्या हाताने शेण कालवले. वास्तविक सार्वजनिक जलाशयाचे पाणी मुद्दाम घाण करणे हा दंडसंहितेच्या कलम २७७ खाली गुन्हा होता, आणि गावाच्या पाण्याची व स्वच्छतेची काळजी वाहणे हे नगरपालिकेचे कर्तव्य होते. नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये केले ते इतकेच, की स्वतःचा १९२४ चा ठराव मागे घेतला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या बाजूने निकाल दिला तेव्हा प्रकरण कायद्याने मिटले. आरोग्य आणि शुचिता यांची गल्लत करून नियम राबवणारी संस्थाच कर्तव्यच्युत कशी होते, याचे याहून ठळक उदाहरण रायगड जिल्ह्याच्या इतिहासात नाही.

मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा राज्य सरकारने त्याच १८९७ च्या कायद्याखाली नियम काढले. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतली अनेक घरे चाकरमान्यांवर, म्हणजे मुंबईत नोकरी करून गावी पैसे पाठवणाऱ्यांवर, चालतात. त्यामुळे टाळेबंदीचा घाव येथे दोन्हीकडून बसला. मुंबईत खोलीचे भाडे थकले आणि गावी येणाऱ्या पैशाला खीळ बसली. माणसे महामार्गाने पायी निघाली. पोलादपूर ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यात शिरताना कशेडी घाटातल्या तपासणी नाक्यावर वाहनांच्या लांबच लांब रांगा लागल्या. ई-पास, म्हणजे प्रवासाचा ऑनलाइन परवाना, नसेल तर परत पाठवले जाई. गणपतीसाठी १२ ऑगस्टपर्यंत गावी पोहोचणाऱ्याने १० दिवस विलगीकरणात राहावे आणि त्यानंतर निघणाऱ्याने चाचणी करून यावे, असा नियम झाला. गावोगावी वेशीवर बांबू आडवे बांधले गेले. हे नियम जाचक होते, तरी अनाठायी नव्हते, आणि कोकणातल्या लोकांनी ते मोठ्या प्रमाणात पाळले.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर गेले की सुमारे ४० किलोमीटरवर महाबळेश्वर येते. ८ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृह विभागाचे विशेष प्रधान सचिव अमिताभ गुप्ता यांनी दिलेल्या पत्राच्या आधारे डीएचएफएल या गृहवित्त कंपनीच्या प्रवर्तक कुटुंबातील व त्यांच्याबरोबरची मिळून २३ माणसे खंडाळ्याहून मोटारींनी महाबळेश्वरला पोहोचली. ज्या विभागाचे पोलीस रस्त्यांवर लोकांना अडवत होते, त्याच विभागाचे हे पत्र होते. प्रकरण उघडकीस आल्यावर प्रवास करणाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला, गुप्ता यांना सक्तीच्या रजेवर पाठवून चौकशी नेमली गेली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते पुण्याचे पोलीस आयुक्त झाले. पत्र घेणारा आरोपी होतो आणि देणाऱ्याची विभागीय चौकशी होते, हा भेद १८९७ च्या रचनेशी पूर्णपणे सुसंगत आहे.

त्यानंतर दोनच महिन्यांनी पाचाडने वेगळी वर्तणूक पाहिली. ६ जूनच्या शिवराज्याभिषेक सोहळ्याला दरवर्षी हजारो लोक पाचाडमार्गे गड चढतात. २०२० मध्ये तत्कालीन खासदार संभाजीराजे छत्रपती यांनी लोकांना घरीच राहण्याचे आवाहन केले आणि सोहळा मोजक्या लोकांत झाला.  गर्दी जमवणे ज्याला सहज शक्य आहे, त्याने ती न जमवणे, हे त्या काळात दुर्मीळ होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांनी राजकीय, सामाजिक व धार्मिक मेळाव्यांवर बंदी जाहीर केली, आणि दोनच दिवसांनी, २३ तारखेला, त्यांच्याच मंत्रिमंडळातील वनमंत्री संजय राठोड यांच्यासाठी वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे हजारोंचा जमाव लोटला. गुन्हे जमावावर नोंदले गेले; मंत्र्यांनी काही दिवसांनी राजीनामा दिला तो वेगळ्या प्रकरणातील आरोपांमुळे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नारायण राणे यांची जन आशीर्वाद यात्रा मुंबईहून महाडला आली. मुंबईत तिच्यातल्या गर्दीबद्दल पोलिसांनी साथनियमभंगाचे गुन्हे नोंदवले होते. २३ ऑगस्टला महाडमध्ये मुख्यमंत्र्यांविषयी केलेल्या वक्तव्यावरून राणे यांना दुसऱ्या दिवशी अटक होऊन रात्री महाडच्या न्यायालयात जामीन मिळाला. त्या दिवशी राज्यभर दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते रस्त्यावर दाटीवाटीने उभे ठाकले. त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्र सरकारने सणासुदीत गर्दी टाळण्याची ताकीद राज्यांना दिली. नियमभंगाला पक्षाची सीमा नव्हती, हे पोहरादेवी आणि महाड या दोन घटना शेजारी ठेवल्यावर स्पष्ट होते. महाडची घटना मात्र वक्तव्यासाठी लक्षात राहिली, गर्दीसाठी नव्हे.

या सगळ्यामागे कायद्यातली आणखी एक तरतूद उभी होती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ नुसार कलम १८८ च्या गुन्ह्याची दखल न्यायालयाला संबंधित लोकसेवकाने किंवा त्याच्या वरिष्ठाने लेखी तक्रार केल्यावरच घेता येत असे. रांगेत अडकलेला चाकरमानी आपल्यासमोरून विनातपासणी गेलेल्या सरकारी गाडीविरुद्ध या कलमाखाली न्यायालयात जाऊच शकत नव्हता. इंग्लंडमध्ये जून २०२० च्या मेळाव्याबद्दल पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना एप्रिल २०२२ मध्ये पोलिसांनी दंड केला आणि नॉर्वेच्या पंतप्रधान एर्ना सोलबर्ग यांनाही २०२१ मध्ये तसाच दंड झाला, कारण तेथे पोलिसांना कोणत्याही लोकसेवकाच्या तक्रारीची वाट पाहावी लागली नाही. भारतात २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाचे कलम ५५ सरकारी खात्याच्या गुन्ह्यासाठी खातेप्रमुखाला दोषी मानते आणि कलम ५६ कर्तव्य टाळणाऱ्या अधिकाऱ्याला कैदेची तरतूद करते. आज्ञापत्राच्या दृष्टीला सर्वांत जवळची अशी आधुनिक कायद्यातली हीच कलमे आहेत. टाळेबंदीत सामान्य माणसावर मात्र मुख्यतः १८८ चाच वापर झाला. २०२२ मध्ये राज्य सरकारने त्या कलमाखालचे टाळेबंदीतले खटले मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि १८८ चे कलम २२३ झाले. लेखी तक्रारीची अट फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ मध्येही कायम ठेवण्यात आली आहे.